सुपडूभाऊंचं फोल

सुपडूभाऊ माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोलत नसत, हनुवटीकडे बघून बोलत. समोर सरपंच आहे की मांडवाचे बांबू बांधणारा, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. बोलण्याआधी त्यांची दोन बोटं पुढे येत, समोरच्याची हनुवटी अलगद वर उचलत, किंचित डावीकडे वळवत, आणि मग पहिलं वाक्य बाहेर पडे. माझ्याशीही ते पहिल्यांदा असंच बोलले. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण नंतर कळलं की त्यांनी आयुष्यभर अख्ख्या एरंडोल तालुक्याची हनुवटी धरलेली आहे, त्यात माझं वेगळं कौतुक काही नाही.

"तू कोनी पोर शे व? आनि हाई काय टांगेल शे?"

टांगलेला होता तो माझा कॅमेरा. प्रसंग होता प्रशांत आणि मेघनाच्या हळदीचा. हे दोघं माझे जिवलग. जळगावच्या कॉलेजात आम्ही तिघं एका बाकावर बसायचो. त्यांचं जमलं ते माझ्या डोळ्यांदेखत, खरं सांगायचं तर माझ्या डब्यावर. दोघं प्रेमात पडत होती आणि माझी पोळीभाजी संपत होती. त्या डब्याला स्मरून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं की लग्नाचे फोटो मीच काढायचे. मी धुळ्याला बँकेत नोकरी करते आणि रविवारी पक्ष्यांचे फोटो काढते. पक्ष्यांना काही सांगावं लागत नाही आणि सांगितलं तरी ते ऐकत नाहीत, एवढाच माझा अनुभव.

पण प्रशांतच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, कुणाला न विचारता सुपडूभाऊंना सांगून ठेवलं होतं. आबांच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो सुपडूभाऊंनीच काढलेले. आबांना नाही म्हणणं घरात कुणाला जमत नसे आणि सुपडूभाऊंना नाही म्हणणं आबांना जमत नसे. तेव्हा एका मांडवात दोन फोटोग्राफर झाले.

"मी कँडिड फोटो काढणार आहे, भाऊ," मी म्हटलं.

"म्हंजे काय?"

"म्हणजे लोकांना न सांगता. त्यांचं लक्ष नसताना."

सुपडूभाऊंनी माझी हनुवटी सोडली आणि दोन पावलं मागे सरकले. "म्हंजे चोरी!" त्यांनी हळदीच्या बायकांकडे वळून जाहीर करून टाकलं, "ध्यान ठेवा व माय, हाई पोर चोरीना फोटो काढस!" मग माझ्याकडे बघून त्यांनी निवाडा दिला, "तुन्हा फोटो चोरीना, मन्हा फोटो मानना." म्हणजे माझा फोटो चोरीचा, त्यांचा मानाचा. कँडिड हा शब्द काही त्यांच्या जिभेवर बसला नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी कंदीलबाई झाले, ती शेवटपर्यंत.

सुपडूभाऊ साठीच्या पुढचे, बुटके, सफारीतले. खिशात कंगवा असायचा, तो स्वतःसाठी नव्हे. नवरदेवासाठी आणि गरज पडली तर भटजींसाठी. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना सुपात ठेवलं आणि नाव सुपडू ठेवलं, म्हणजे देवाला वाटावं की हे पाखडून टाकलेलं पोर आहे आणि त्यानं तिकडे लक्ष देऊ नये. आमच्याकडे अशी पुष्कळ नावं सापडतात. माणसं मोठी झाली की ती झाकतात, सह्या करताना आडनाव ठळक काढतात. यांनी मात्र दुकानावर पाटी लावली होती, 'सुपडू फोटो', आणि खाली सुपाचं चित्र. "देवनी नजर चुकाडी, तव्हय तं मी आठे उभा शे," ते सांगत. "आते मी लोकेसले पाखडस."

हे पाखडणं काय ते मला लग्नाच्या दिवशी सकाळी कळलं. आमच्याकडे लग्नात जावई, मामा, व्याही, भाऊबंद या सगळ्यांना स्टेजवर बोलावून टोपी आणि टॉवेल देतात. टोपी डोक्यावर, टॉवेल खांद्यावर आणि मान कॅमेऱ्याकडे. फोटो निघाल्याशिवाय कुणी स्टेजवरून खाली उतरत नाही. नुसती टोपी मिळाली आणि फोटो निघाला नाही, तर तो आहेर झाला असं माणूस धरत नाही. रांग मांडवाबाहेर गेली होती. सुपडूभाऊ हनुवट्या उचलत होते, फ्लॅश पडत होते, माणसं तृप्त होऊन जेवायला जात होती. मी त्यांच्या मागे उभी होते म्हणून मला त्यांच्या कॅमेऱ्याचा पडदा दिसत होता. पाठोपाठ किती तरी काका येऊन गेले, पण पडद्यावर आपले पहिलेच काका.

"भाऊ, फोटो निघत नाहीयेत!" मी घाबरून म्हटलं.

"हळू बोल ना व!" त्यांनी मला बाजूला ओढलं. फ्लॅशच्या पाठीला एक बारकं बटण असतं. ते दाबलं की नुसता फ्लॅश पडतो, फोटो निघत नाही. बघायला सोय असते ती, फ्लॅश चालतो की नाही ते. सुपडूभाऊंनी त्यावर आयुष्य काढलं होतं. रोलच्या काळात रोल वाचवायला त्यांनी हे सुरू केलं. आता रोल गेले तरी बोटाची सवय गेली नव्हती. या रिकाम्या फ्लॅशला त्यांनी नाव दिलं होतं फोल. धान्य पाखडलं की दाणा सुपात राहतो आणि फोल उडून जातं. आईबाप, मामा, सख्खे भाऊबहीण म्हणजे दाणे. चुलत्याच्या साडूचा शेजारी म्हणजे फोल.

"पण भाऊ, ही फसवणूक झाली."

"कसानी फसवनूक? मानूसले फोटो नही लागस, उजेड लागस. एक डाव तोंडवर उजेड पडना का तो खूश. घर जाईसन कोन इचारस का मन्हा फोटो कोठे शे?"

एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, हे खरं होतं. मला हसू आवरेना. कॅमेरा हातात घेतल्यापासून मी उजेडाच्या मागे धावत होते, पण उजेड असा वाटायचा असतो हे मला नवीन होतं.

आता यावलच्या फुवांबद्दल सांगायला हवं. फुवा म्हणजे प्रशांतच्या आत्याचे, आमच्या बोलीत फुईचे, यजमान. यावलजवळच्या खेड्यात त्यांची केळीची बाग होती. माणूस मनाचा चांगला, पण रुसण्यात हात धरणारं कुणी नव्हतं. एका लग्नात बट्टीवर तूप कमी पडलं म्हणून ते रुसले, पुढच्या लग्नात कुणी जपून भरपूर तूप ओतलं तर "मले काय दात नाहीत असं वाटलं का?" म्हणून रुसले. हे सगळं हसण्यावारी जायचं. पण एका पत्रिकेत त्यांचं नाव धाकट्या जावयाच्या खाली छापलं गेलं, आणि तो रुसवा काही निघाला नाही. फुईचं माहेर तुटलं. खानदेशात लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आबा दरवर्षी बहिणीच्या नावानं एक झोका बांधत आणि रिकामाच सोडून ठेवत. त्याबद्दल ते कुणाशी बोलत नसत. प्रशांतच्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या फुईच्या घरी गेलेल्या. लग्न ठरलं तेव्हा तो स्वतः यावलला जाऊन फुवांच्या पाया पडला आणि म्हणाला, तुम्ही आला नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही. म्हणून फुवा आले होते आणि त्यांच्यामागून फुई, कित्येक वर्षांनी.

आणि माइकवाल्यानं नेमका टोपीसाठी धाकट्या जावयाचा पुकारा आधी केला.

फुवा उठले, जनरेटरच्या मागे गेले आणि खुर्चीवर मांडवाकडे पाठ करून बसले. बँड थांबला. आमच्याकडे लग्न लागलं म्हणत नाहीत, टाळी लागली म्हणतात. ती टाळी अडली. भटजी घड्याळ बघू लागले. आबा पांढरेफटक पडले. फुई तोंडाला पदर लावून खांबाशी उभी होती. फुवा तसेच निघून गेले असते तर तिच्यासाठी हे दार कायमचं बंद होणार होतं, हे सगळ्या मांडवाला माहीत होतं.

"मी आनस त्याले," म्हणत सुपडूभाऊ गेले. जनरेटरच्या आवाजात ते काय बोलले ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. ते म्हणाले होते, "फुवा, आतेलगून कॅमेरा थंडा व्हता. आते गरम व्हयना. तुमन्हाकरताच राखेल शे." फुवांना ते पटलं. ते आले, स्टेजवर चढले. टोपी घातली, टॉवेल पांघरला, फुई शेजारी उभी राहिली, प्रशांत वाकला. सुपडूभाऊंनी फुवांची हनुवटी खास वेळ घेऊन बसवली आणि फ्लॅश पडला. फुवांचा चेहरा उजळला, बँड वाजला, टाळी लागली. मी त्या वेळी मांडवामागच्या खोलीत मेघनाजवळ होते. ती खिडकीतून डोकावत विचारत होती, "अगं, लग्न आहे ना अजून?" त्यामुळे फुवांचा चोरीचा फोटोही माझ्याकडे नव्हता.

महिनाभरानं फुवांचा फोन आला. त्यांनी आबांना सांगितलं, "आमचा फोटो पाठवा. फोटो नसन तं टोपी परत पाठवतो." टोपी परत येणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पाठोपाठ फुईनं प्रशांतला फोन केला. ती एवढंच बोलली, "तुन्हा बापले सांग बेटा, यंदा मन्हाकरता झोका बांधू नको."

आम्ही तिघं धावत सुपडूभाऊंच्या दुकानात गेलो. त्यांनी सगळे फोटो पुन्हा पुन्हा बघितले. फुवा कुठेच नव्हते. सुपडूभाऊ मटकन स्टुलावर बसले आणि उजव्या हाताचं बोट समोर धरून त्याच्याशीच बोलू लागले, "काय रे भो, तुले सांगेल व्हतं ना, हाऊ दाना शे म्हनीसन?" मग आमच्याकडे बघून म्हणाले, "सकायपासून फोलच मारी राह्यंतं. बोट ते बोट, त्याले काय नातं समजस?"

मेघना कॉम्प्युटरवाली. ती म्हणाली, "फुवांचा जुना फोटो घेऊ, डोक्यावर टोपी चिकटवू आणि प्रशांतशेजारी उभे करू. कुणाला कळणार नाही."

सुपडूभाऊ असे उसळले की स्टूल पडलं. "जोडेल फोटो? मन्हा दुकानमा? मी खोटा फ्लॅश मारस, पन खोटा फोटो नही बनाडस!" यातला फरक मला त्या दिवशी नीटसा कळला नाही, पण त्यांना तो स्वच्छ दिसत होता, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यांनीच मार्ग काढला. आहेर पुन्हा करायचा. आबांच्या वतीनं टोपी पुन्हा द्यायची, फुवांच्या दारात. येत्या रविवारी सकाळी जीप ठरली. सुपडूभाऊंचा हुकूम होता की नवरानवरी लग्नाच्या पोशाखात पाहिजेत, आणि वाटेत काही विसरायला नको म्हणून एरंडोलहूनच मुंडावळ्या बांधून निघायचं. मार्चचं ऊन. मेघना शालूत, प्रशांत शेरवानीत, मी कॅमेरा घेऊन मागे, आणि सुपडूभाऊ पुढच्या सीटवर मांडवाचा गुलाबी पडदा मांडीवर घेऊन. जळगाव सोडून तापीचा पूल ओलांडेपर्यंत केळीच्या ट्रकमागे अडकलो, तेव्हा शेजारी उभ्या एसटीच्या खिडकीतून एका म्हातारीनं मेघनाकडे बघून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि विचारलं, "वऱ्हाड कुठं राहिलं माय?"

"पुढं गेलं," प्रशांत म्हणाला.

"आन् भटजी?"

सुपडूभाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढला, दोन बोटांच्या खुणेनं लांबूनच तिला हनुवटी वर करायला लावली आणि एक फ्लॅश मारला. म्हातारी खूश झाली आणि पुढचे प्रश्न मिटले.

फुवांना काय सांगायचं ते ठरलं होतं. फोटो निघाला, पण त्यात तुमचे डोळे मिटले, असं सांगायचं. आम्ही अंगणात उतरलो तेव्हा फुवा केळीच्या गाडीत घड रचून घेत होते. फुई चुलीपुढून तशीच धावत आली आणि मेघनाला बघून "ओ माय!" म्हणून तिथेच उभी राहिली. फुवांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. आधी जेवा, म्हणाले. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली. तूप कमीही नव्हतं, जास्तही नव्हतं. आम्ही कशासाठी आलो, तो विषय कुणी काढेना.

शेवटी सुपडूभाऊंनी घसा साफ केला. "फुवा, फोटो एकदम झकास उना व्हता. पन तुमन्हा डोया मिटाई ग्यात."

"आसं?" फुवा म्हणाले. "मंग पुन्हा काढा."

केळी कापणाऱ्या दोघांनी गुलाबी पडदा धरला. प्रशांतनं फुवांना टोपी घातली, त्यांच्या खांद्यावर टॉवेल पांघरला. फुई शेजारी येऊन उभी राहिली. सुपडूभाऊंनी हनुवटी बसवायला घेतली, ती तीनदा बसवली तरी त्यांचं समाधान होईना. मग त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. खरं बटण. पण फ्लॅश काही पडला नाही. त्याच्या सेलमध्ये होती नव्हती ती ताकद एसटीतल्या म्हातारीनं नेली होती.

"उजेड कुठं हाये?" फुवांनी विचारलं.

"फोटो निंघना ना, फुवा! दखा!" सुपडूभाऊंनी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. कोवळ्या उन्हात नसला तरी चांगल्या उन्हात, केळीच्या हिरव्यापुढे, फुवा होते, फुई होती, प्रशांत होता. फुवांनी तो बराच वेळ बघितला.

"सुपडू," ते म्हणाले, "त्या दिवशी माह्ये डोये मिटेल नव्हते. उघडे व्हते म्हनून तं दिसलं. तुहं बोट मांगच्या बटनावर व्हतं."

सुपडूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली, आणि त्यांची हनुवटी उचलायला तिथे कुणी नव्हतं.

"मानूस रुसका असला का त्याची नजर बारीक व्हते," फुवा म्हणाले. "मले तव्हाच समजलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात, फुवा?" प्रशांतनं विचारलं.

"तुही टायी लागाची व्हती ना रे. माह्या अंगनात वाढेल पोरगं तू. तुही टायी मी पुन्हा अडवू? मंग तो रुसवा मी राखून ठेवला." त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिच्याकडे बघत बोलू लागले. "लग्न झालं, तुमी नवरानवरी समद्याच्या घरी जेवून आले. माह्या घरी कोनी आलं का? मी बलावलं असतं तं म्हनले असते, जाऊ द्या, तो मानूस तिथंबी रुसन. पन मी रुसलो म्हनलं का पाहा कशे आले, शालू नेसून!"

आधी फुई हसली. ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि मग कुणालाच धरबंध राहिला नाही. सुपडूभाऊ डोळे पुसत म्हणाले, "फुवा, पहिला डाव मन्हा फोलमाईन दाना निंघना." निघताना फुवांनी गाडीत केळीचा घड ठेवला आणि प्रशांतला सांगितलं, "आबाले म्हना, झोका मजबूत बांध. तुही फुई आता काही पयली सारखी बारीक नाही राह्यली."

त्या आखाजीला फुई एरंडोलला आली. निंबाच्या झोक्यावर तिला बसवून आबा स्वतः झोका देत होते, आणि फुवा बाजूला खाटेवर बसून आंब्याचा रस पातळ झाल्याबद्दल कुरकुरत होते. सुपडूभाऊ न बोलावता आले. त्यांनी झोक्यावरच्या फुईचा फोटो काढला आणि लगेच पडदा माझ्यापुढे धरला. "दखी ले, कंदीलबाई. दाना शे." त्यांनी फोल मारणं सोडलं असं मात्र समजू नका. फक्त एक नेम त्यांनी पाळला, "रुसेल मानूसले फोल नही मारानं." त्यामुळे पुढे तालुक्यातल्या प्रत्येक अल्बममध्ये रुसकी माणसं फार दिसू लागली.

गेल्या हिवाळ्यात सुपडूभाऊ गेले. फार आजारी पडले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. उत्तरकार्याला मी धुळ्याहून गेले. खुर्चीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता आणि तो मी काढलेला होता. फुवांच्या अंगणात ते दोन बोटं पुढे करून, तोंड उघडं टाकून हनुवटी बसवत होते तेव्हाचा. एवढ्या लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या मुलाला बापाचा त्यापेक्षा बरा फोटो मिळाला नाही. त्यानं फुवांना कापून काढलं होतं, पण कोपऱ्यात अर्धी हनुवटी राहून गेली होती. माझा चोरीचा फोटो असा मानाला लागला.

फुवा यावलहून आले होते, कुणी बोलवायला गेलं नव्हतं तरी. ते फोटोसमोर उभे राहिले, वाकून कोपऱ्यात बघितलं आणि शेजारच्या माणसाला अभिमानानं म्हणाले, "ही हनुवटी माही हाये." मला वाटलं, झालं, आता अर्ध्याच हनुवटीवरून रुसणार. पण ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोक्यावर तीच टोपी होती.

"पोरी, फ्लॅश हाये का तुह्याजवळ?"

"आहे फुवा. पण इथे फोटो…"

"फोटो नको काढू. मांगचं बटन दाब." त्यांनी फोटोवरचा हार सरळ केला. "त्याले एक फोल मार. समद्यायले उजेड वाटला त्यानं. त्याच्या तोंडावर कोनी पाडला?"

मी कॅमेरा वर धरला, फ्लॅशच्या पाठीवर बोट ठेवलं. आणि मी बटण दाबायच्या आत, तिथे बसलेल्या सगळ्या लोकांनी, आबांनी, फुईनं, मेघना-प्रशांतनं, भटजींनीसुद्धा, सवयीनं आपापली हनुवटी वर केली आणि किंचित डावीकडे वळवली.